माणशी एक क्वार्टर

२५ जुलै, शुक्र.
काल गटारी. दु. अडीचला आमच्या बारमध्ये सहा नंबरच्या टेबलावर संदेश पडला. गणपतीच्या कारखान्यातला रंगारी, अठ्ठावीस-एकोणतीसचा. चौघांत पैज लागली होती, अख्खा खंबा एकट्याने कोण संपवतो. मी काउंटरवर होते. पैज मला ऐकू आली होती. हसलेही होते. बाटली माझ्याच हातून गेली.
गजाभाऊने त्याला उचलून रिक्षात घातला. सरकारी दवाखाना. ओठ निळे पडलेले. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर...
वाचला. पण त्याची आई आली, खारेपाटातून, मिठागरावरून तशीच. पायाला चिखल. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुमीच दिलीव ना त्याला?"
मी म्हटलं, "व्हय. मीच."
दुसरं काय सांगणार होते.

२६ जुलै
बार आज बंद ठेवला. गजाभाऊला समोर बसवलं. वीस वर्षं वेटर आहे इथे, माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. विचारलं, माणूस हाताबाहेर जातोय हे तुला कधी कळतं? म्हणाला, "दुसऱ्या क्वार्टरला. तो मोठ्यानं बोलाया लागतो नि जेवान मागायचा थांबतो."
मग पुठ्ठ्यावर लिहिलं, मार्करने –
माणशी एक क्वार्टर. वर हवी तर आधी जेवण, मग पाऊण तास थांबणे. पैज नाही. पिऊन आलेल्याला नाही. वयाचं कार्ड दाखवा. गाडीची चावी काउंटरवर.
आण्णांनी (सासरे, बार त्यांनीच उभा केला) चष्मा लावून दोनदा वाचलं. "गिऱ्हाइकाला नाय म्हणणारा बार आख्ख्या रामवाडीत पहिला." हसून बोलले की रागाने, कळलं नाही.
ह्यांना फोन केला. रोह्याला कंपनीत, दुसरी शिफ्ट. म्हणाले, लायसन्सवर नाव तुझं, तू ठरव. बरं वाटलं.

२९ जुलै
श्रावण लागलाय, गर्दी तशी नाहीच. काल जे आले त्यांतले तिघे पुठ्ठा वाचून उठले. चौथा चावीवरून भांडला, पण शेवटी दिली नि बसला. जाताना गजाभाऊने रिक्षा बोलावून दिली. आज सकाळी गाडी न्यायला आला तेव्हा मान खाली. मी चावी हातात दिली.

२ ऑगस्ट
समोरच्या बारवाल्याने बोर्ड लावलाय – "येथे कोणतीही मर्यादा नाही". लाल अक्षरांत. आमच्या दारातून बरोबर दिसतो.
सहा नंबर रिकामं. चार रिकामं. गजाभाऊ टेबलं पुन्हा पुन्हा पुसतो.
खरं लिहायचं तर पुठ्ठा काढायला दोनदा हात गेला.

५ ऑगस्ट
संदेश आला. हडकलाय. हाताची बोटं थरथरतात. म्हणाला, "एकच द्या वैनी. मी बरा हाय आता."
"तुला नाय. जेवायला देते, जिताड्याचं कालवण आहे."
"जेवान नको." उठला नि रस्ता ओलांडून समोर गेला. मी दारात उभी राहून बघत होते. मग मीच रस्ता ओलांडला. त्या बारमध्ये मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मालकाला म्हटलं, "हा तोच पोरगा, दवाखान्यात नेलेला. त्याला देऊ नका." मालक हसला. पण वेटर ऐकत होता. त्याने संदेशपुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि तिथेच उभा राहिला. पुढचं बघितलं नाही. परत आले तेव्हा मान ताठ होती. लिहिताना हसू येतंय.

१० ऑगस्ट
सुमनवन्संचा फोन. निडीला दिल्यात, भाताची-वालाची शेती, बचत गटाच्या प्रमुख. ह्या धंद्यामुळे माझ्याशी धड बोलत नाहीत कधी. आज म्हणाल्या, "वैनी, पंधरा आगष्टला ग्रामसभा हाय. तू बोलाया ये."
"मी?"
"व्हय तूच. आमी बायकांनी वरडून झाला. इकणारीनं काय तरी सांगावं."
त्यांच्याकडे रस्त्याला लागून देशीचं दुकान आहे. मालक सकाळी सातला मागच्या खिडकीतून देतो. माणसं शेतावर जायच्या आधी तिथे.

१५ ऑगस्ट
ड्राय डे, बार बंद. सकाळच्या गाडीने निडी. झेंडा झाला, मग शाळेच्या पडवीत सभा. शंभरेक माणसं, निम्म्या बायका.
मी उभी राहिले तर मागून आवाज, "दारूवालीला कशाला आनलीस गो सुमन?"
वन्सं म्हणाल्या, "ऐकून तरी घे गो."
मी आधी संदेशचं सांगितलं. काही लपवलं नाही, मी हसले होते तेही. मग एका म्हातारीने विचारलं, "मंग तुजा धंदा बंद कर की."
म्हटलं, "नाय करणार. मी बंद केला तर तो समोर जाईल, आणि तिथं त्याला थांबवणारं कोण नाय. मी विकते म्हणून मीच थांबवू शकते."
"तू नाय बोललीस तं तो ऐकतो?"
"काही ऐकतात. काही शिव्या देतात. पण दुसऱ्या दिवशी शिव्या देणाऱ्यातले दोन तरी परत येऊन जेवून जातात."
कोण तरी हसलं. मग प्रश्नच प्रश्न. शेवटी ठराव लिहिला गेला – वेळेआधी खिडकी उघडायची नाही, पिऊन आलेल्याला द्यायची नाही, कोवळ्या पोरांना तर अजिबात नाही. पहिली सही वन्संची. दुसरी त्या म्हातारीची, अंगठा.
पस्तीस जणी ठराव घेऊन दुकानावर गेल्या. मीही. मालकाने बंद दुकानाच्या दारात कागद वाचला. घडी घालून खिशात ठेवला.
स्टेशनवर सोडताना वन्संनी हात धरला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

२२ ऑगस्ट
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
सं. सहाला एक ठेकेदार आला, आण्णांचा जुना दोस्त, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. कुठून तरी पिऊनच आलेला. खुर्ची धरून उभा. गजाभाऊ हळूच म्हणाला, "शेठ, आज जेवान घ्या." त्याने टेबलावर हात आपटला. "तू मला शिकवतोस? लायसन्स कसा ऱ्हातो बघतो मी तुमचा!"
मी पुढे होणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आण्णा उठले. काठी न घेता. त्याच्यासमोर जाऊन उभे.
"शेठ, आज नाय."
"आण्णा, तू पण?"
"सून नाय म्हणाली म्हंजे नाय. नि सून बरोबर हाय. मी तीस वर्षं व्हय म्हटलं, ती चूक माजी."
तो शिव्या देत गेला. आण्णा बसले तेव्हा धाप लागलेली. मी पाणी दिलं. म्हणाले, "जमला का मला?"
जमलं आण्णा. डोळे भरून आले माझे.

२९ ऑगस्ट
त्या ठेकेदारामुळेच असेल, एक्साईजची तपासणी. साठा, रजिस्टर, परमिटं, सगळं बघितलं. काही निघालं नाही. साहेबांनी पुठ्ठ्याचा फोटो काढला. कशासाठी ते सांगितलं नाही. चांगल्यासाठी असेल, नसेलही.
दुपारी एक नवरा-बायको आले. फक्त जेवायला. बायका इथे कधी बसत नव्हत्या. तिने भाकरी दुसऱ्यांदा मागितली. गजाभाऊ पळतच आत गेला.

७ सप्टेंबर
काल विसर्जन. आज समोरच्या बारला रांग. आमच्याकडे सात टेबलं. सगळी जेवून गेली. एकही माणूस उचलावा लागला नाही. मला पुरे.

१२ सप्टेंबर, शुक्र.
स. अकराला अनोळखी नंबर. "ताई, मी निडीच्या रस्त्यावरचा. देशीचं दुकान. नंबर सुमनताईंनी दिला."
वाटलं भांडणार.
"खिडकी बंद केलीय. आठ दिवस झाले. बायका रोज येऊन बघून जातात." मग जरा थांबून, "पन आत उभा ऱ्हातो ना माणूस, तोल गेलेला, त्याला नाय कसं म्हणायचं ओ? माज्या तोंडातनं येतच नाय. सगळे वळखीचे."
मी म्हटलं, "त्याचं नाव घ्या आधी. मग हळू आवाजात सांगा. बाटलीला हात लावू नका, आणि खाली बघू नका."
"म्हंजे कसं?"
"म्हणून दाखवा. मीच गिऱ्हाईक समजा."
घसा खाकरला त्याने. पहिल्यांदा फारच हळू झालं. दुसऱ्यांदा ओरडल्यासारखं. तिसऱ्यांदा म्हणाला, "तुकाराम, आज नाय. घरी जा." मागे कुणीतरी हसलं, त्याची बायको असावी.
"आता बरोबर," म्हटलं.
"उद्या शनिवार हाय ताई. कंपनीची माणसं सुटतात. बघतो काय होतं ते."
फोन ठेवला. गजाभाऊ विचारतोय, कोण होतं. त्याला सांगते आता.