तीस किलोचा कट्टा आणि मिनलचं लग्न

४ जानेवारी, रविवार
कुहीहून सुभद्राताईचा फोन. मिनलचं लग्न ठरलं, २२ फेब्रुवारी. आमच्याकडे मामा नवरीला उचलून मांडवात आणतो. ताई म्हणे, जमन का गा तुले? नाही तं चालत येईन पोरगी. चालत? भाऊजी गेल्यावर या पोरीला खांद्यावर घेऊन कोण फिरत होतं? मीच. हो म्हणून टाकलं. मिनल अठ्ठावन्न किलो. सात आठवडे भरपूर झाले.

६ जानेवारी
सक्करदऱ्याची जिम. ट्रेनर अंकुश म्हणाला, काका, एक मसल हप्त्यातून दोनदा, दहा सेट बस. हलकं वाटलं का वजन वाढवा. अन् मसल आरामातच वाढते. शेवटचा मुद्दा फार शास्त्रीय वाटला.

९ जानेवारी
आराम. हात डोक्यापर्यंत जात नाहीत. भावनानं भांग पाडून दिला आणि हसली. बायकोकडून प्रोत्साहन नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
जिम सोडली. तिथे चारही बाजूंना आरसे. ताईनं नेहमीचा तांदळाचा कट्टा पाठवलाय, तीस किलोचं पोतं. आता घरीच, मंगळवार-शुक्रवार. आज गुडघ्यापर्यंत उचलला. मग पायावर पडला.

२३ जानेवारी
कमरेपर्यंत! मंगळवारी आराम केला त्याचं फळ. भावना कट्ट्याचं तोंड रोज उघडं टाकते. सुतळी बांधण्यातच माझा वेळ जातो.

३ फेब्रुवारी
छातीपर्यंत, सलग आठदा. वजन वाढवा म्हणे. कशाला? तेच किती सोपं जातंय. रविवारी सासरचे नऊ जण पुलाव खाऊन गेले. त्यांना दंड दाखवला. सगळ्यांनी पुन्हा पुलाव वाढून घेतला. थक्क झाले असावेत.

१३ फेब्रुवारी
एका हातानं डोक्यावर!! मिनलला फोन केला. म्हणाली, मामा, सगळ्या मैत्रिणीले सांगून ठेवलं मी, माहा मामा मले उचलून नेईन. डोळे भरून आले.

२० फेब्रुवारी, सकाळ
शेवटचा सराव. कट्टा जागेवर नाही. भावना म्हणाली, तांदूळ तं बुधवारीच सरला, कट्टा धुवून वाळू घातला. मले वाटलं, तुमी रिकामा कट्टा उचलून झटकून ठेवून राहिले. दोरीवर पाहिला. वाऱ्यानं उडत होता.

२१ फेब्रुवारी
घाईत भावनाला उचलून पाहिलं. कमरेत कट्ट झालं. पट्टा बांधलाय. ताईला सांगायची हिंमत नाही. मिनलला तर नाहीच. काय करू, काही सुचत नाही.

२३ फेब्रुवारी
काल मिनल शालू नेसून मांडवाच्या दाराशी उभी. मी वाकलो आणि तसाच राहिलो. बँड थांबला. कोणीतरी म्हणालं, काहून गा, झालं काय? मिनल कानाशी म्हणाली, मामा, हात टाका माह्या खांद्यावर, लाजू नका. आणि चालायला लागली. नवरीनं मामाला बोहल्यापर्यंत आणलं. मी रडलो. लोकांना वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून.

निघताना ताईनं गाडीत नवा कट्टा टाकला. घरी आल्यावर भावनानं तो एकटीनं उचलला आणि दोन जिने चढून वर नेला. मी पट्टा धरून मागे. विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, लग्न झालं तवापासून, दर दीड महिन्याले.