कढईच्या जागेवरचा रैहान

२२ एप्रिल
काल रमजान ईद झाली. माझी बायको मुकद्दस गेल्यानंतरची पहिली. रीतीप्रमाणे सकाळी सहापासून दार उघडं ठेवलं. एकसष्ट माणसं दुआ करून गेली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर नान, बेदाणे आणि दुकानातली बिस्किटं होती. मुकद्दसची बहीण मुहाय्यो आली, सगळ्या ताटल्यांवरून नजर फिरवली, कापडाची एक सुरकुती हाताने सरळ केली. मला वाईट वाटलं नाही.

निर्णय : पुढची ईद, कुर्बानीची, २८ जूनला आहे. सदुसष्ट दिवस. त्या दिवशी दस्तरखानावर जे हिरवं असेल ते सगळं आमच्या अंगणातलं असेल. काकडी, कांद्याची पात, शेपू, कोथिंबीर. आणि रैहान.

रैहानची चिंता नाही. तुळशीच्या जातीचा, तसाच वासाचा; नळाजवळच्या कोपऱ्यात तो दरवर्षी आपला आपण उगवतो. मुकद्दस म्हणायची, मी त्याला पेरत नाही आणि तो मला विचारत नाही. सतरा वर्षं ती एक काडी कानामागे खोचून घरात फिरायची. बाकीची भाजी आली नाही तरी चालेल, रैहान मात्र पाहिजे. तो तिचा आहे.
(बाकीचीही येईल.)

यापूर्वी मी मातीत काही लावलेलं नाही. पण बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. रोप म्हणजे प्रकाश, पाणी आणि तापमान.

२३ एप्रिल
गावी आईला फोन केला. फक्त बियाणं पाठव म्हणालो. संध्याकाळी टॅक्सीतून स्वतःच उतरली. दोन पोती, कुदळ, स्वतःची रजई. वय एकाहत्तर. दारातच म्हणाली, एर्किन, हे अंगण आहे की तुमच्या शाळेचं मैदान?
तिला तिकडे धाकट्याच्या घरी करमत नसणार. तिच्या हाताला काम मिळालं, हे चांगलं झालं. तिच्यासाठी म्हणून दोन महिने ठेवून घ्यायला हरकत नाही.

२५ एप्रिल
ग्राफपेपरवर प्लॅन काढला. उत्तर दिशा, भिंतीच्या सावलीचा कोन, वाफ्यांमधलं अंतर. आईने विचारलं, हे कुठल्या स्टेशनचं आहे? मग त्यावर चहाची किटली ठेवली. आता काकडीच्या वाफ्यावर गोल डाग आहे.

नळाजवळच्या कोपऱ्यावरून थोडा वाद. मुकद्दसच्या विसाव्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या पुलावाची मोठी कढई तिथेच लावली होती. माती अजून काळी आहे. आई म्हणाली, तिथं आता काही यायचं नाही, माती भाजून निघाली. मी म्हणालो, राख म्हणजे खत, हे पाचवीच्या मुलालाही माहीत असतं. ती म्हणाली, बरं मास्तर.
चार खुंट्या, दोरी, पुठ्ठ्याची पाटी : रैहान. हात लावू नये.

२९ एप्रिल
पेरणी पूर्ण. मी टेपने मोजून, आई मुठीने. तिच्या ओळी वाकड्या आहेत. भिंतीकडच्या वाफ्यात कांदा. कमरेत चमक भरली आहे, पण ती बसण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे.
आई रोज दोन वेळा स्वयंपाक करते. एवढं मी खात नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, तुझी पँट बघ, पट्ट्याला नवीन भोक पाडलंयस. चामडं सैल होतं, म्हणून पाडलं होतं.

४ मे
गुरुवारी चार ते पाच पाटाचं पाणी आमचं असतं. गल्लीच्या पाळ्या सोबिर-आका ठरवतात, समोरच राहतात. दर मिनिटाला किती लिटर येतं याचा हिशेब केला. एकोणीस मिनिटं पुरेशी होती. फळी वर केली, गणित पुन्हा तपासायला खाटेवर बसलो. जागा झालो तेव्हा पावणेसहा झाले होते. शेपू आणि कोथिंबीर दोन्ही वाहून गल्लीत. सोबिर-आका गुडघाभर चिखलात उभे राहून ओरडत होते, मास्तर, वर्गात झोपणाऱ्या पोरांना तुम्ही बाहेर उभं करता ना? आता तुम्हाला कुठं उभं करू?
आई बाजारला गेली होती. असती तर जागं केलं असतं. त्यामुळे दोष पूर्णपणे माझा म्हणता येणार नाही.
उद्यापासून दुपारी झोपणार नाही. रात्री झोप लागत नाही म्हणून दुपारी लागते, एवढंच. त्याला कारण उकाडा.

५ मे
उकाडा नाही. तरी.

१२ मे
शेपू पुन्हा पेरला. काकडीची अकरा रोपं वर आली. आई त्यांच्याशी बोलते. मी कानाडोळा करतो. दस्तरखानावर माझ्यासमोर बसते आणि माझे घास मोजते. तिलाही मुकद्दसची आठवण येत असणार. मी विषय काढत नाही, तिला त्रास नको.

१४ मे
गावी पणतूला पाळण्यात घालायचा समारंभ आहे, आई तीन आठवड्यांसाठी गेली. टॅक्सीत बसता बसता म्हणाली, हे बघ, पाणी दे, बाकी काही करू नकोस. भिंतीकडच्या वाफ्यात तर मी येईपर्यंत खुरपं घालूच नकोस. का, विचारलं. म्हणाली, घालू नकोस म्हटलं ना.
जुन्या माणसांचं असंच. कारण नसतं, नियम असतो.

१८ मे
कोपऱ्यात हिरवं दिसलं! चार खुंट्यांच्या आत, अगदी मध्यावर. नऊ रोपं. पानाच्या मागे पांढरट भुकटी, शेंड्याला जांभळी झाक. जांभळाच होता तिचा.
राखेचं माझं म्हणणं खरं ठरलं. आईला फोन करणार होतो, पण आल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे.

२१ मे
रविवार. आज भरपूर काम झालं.
भिंतीकडच्या वाफ्यात कांद्यापेक्षा तण जास्त. बारीक, दोन-दोन, चार-चार पानांचं, दाट. शंभराच्या वर असेल. आईच्या सांगण्यावर विचार केला. परंतु तण पिकाचं पाणी पितं, यात मतभेदाला जागा नाही. तीन तास बसून एकेक मुळासकट काढलं. ढीग भिंतीशी घातला. वाफा आता वहीच्या पानासारखा स्वच्छ.

काम करताना एक गोष्ट झाली, ती नोंदवून ठेवतो. हातांना तिचा वास यायला लागला. म्हणजे ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची तेव्हाचा. दोन्ही तळव्यांना. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. असं होतं, हे वाचलेलं आहे. मन एखादा वास स्वतःच तयार करतं. अशा गोष्टींना थारा दिला तर माणूस वाहवत जातो. नळावर जाऊन साबणाने हात धुतले. तरी थोडा राहिला, म्हणून पुन्हा धुतले. मग गेला.
मी आता बऱ्यापैकी सावरलो आहे.

२८ मे
कोपऱ्यातली रोपं वीतभर. रोज संध्याकाळी तांब्याने पाणी घालतो, पाटाचं नाही. पान चुरडून पाहिलं, वास येत नाही. ऊन वाढलं की येईल.
मुहाय्योला मेसेज केला : ताईचा रैहान आला आहे, ईदेला या. लगेच फोन आला. बोलताना मध्येच थांबत होती. म्हणाली, दरवर्षी रोपं ताईकडूनच न्यायचे, यंदा माझ्या अंगणात एक नाही. चार रोपं मला ठेवाल? मी म्हणालो, चार कशाला, पाच न्या. नऊ आहेत.
फोन ठेवल्यावर जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

२ जून
काकडीच्या पानांना पिवळे डाग. सहा रोपं उरली. सोबिर-आका भिंतीवरून म्हणाले, मास्तर, तुम्ही पाणी घालता की परीक्षा घेता? पाण्याचं प्रमाण बदलणार. शेपू उगवला नाही, बी जुनं असणार.

४ जून
आई दुपारी आली. गावचे नान, खिशात मुलांनी दिलेल्या गोळ्या. तिला आधी चहा दिला, मग हाताला धरून कोपऱ्याकडे नेलं. तिने वाकून पाहिलं. एक पान तोडलं, चुरडलं, नाकाशी नेलं. माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, बाळा, हा चाकवत आहे. रानातला. आपण मेंढ्यांना घालतो.
मी पाटी दाखवली. का दाखवली, सांगता येत नाही.

ती भिंतीकडच्या वाफ्याकडे गेली. तिथे उभी राहिली. मग मी टाकलेल्या ढिगाशी बसली. सगळं वाळून तपकिरी झालं होतं. तिने मूठभर उचललं, दोन्ही हातांत चोळलं आणि हात माझ्यासमोर धरले.
वास आला. २१ मेचा.

आई म्हणाली, विसाव्याच्या आदल्या दिवशी कढईला जागा करायची होती. त्या कोपऱ्यात रैहानच्या वाळक्या काड्या उभ्या होत्या, बियांनी भरलेल्या. मीच उपटल्या आणि भिंतीकडे फेकल्या. मीच. घरात माणसं होती, तेव्हा कळलं नाही. मग वाटलं, पडलेल्या बियांतून तिथं उगवेल. नाही उगवला तर तुझ्या जिवाला पुन्हा चटका नको, म्हणून बोलले नाही. बोलायला हवं होतं रे.

नंतर अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर रांगत ती कांद्याच्या ओळींतून शोधत राहिली. मीही शोधलं. एखादं तरी सुटलं असेल, असं ती म्हणत होती. एकही सुटलं नव्हतं. काम मी नीट केलं होतं.

५ जून
ढिगातली त्यातल्या त्यात बरी मुळं निवडून चाळीस रोपं कुंड्यांत लावली. मुळांत ओल टिकून असू शकते. तीन-चार जगली तरी पुरे. ईदेला तेवीस दिवस आहेत.

९ जून
चाळीसपैकी शून्य.
आई म्हणाली, बाजारात रैहानचं बी मिळतं, रोपंही मिळतात, तोही रैहानच. मी नको म्हणालो. ती म्हणाली, मग तुझ्या मेहुणीला काय सांगणार आहेस? मी म्हणालो, बघू.
मुहाय्योला आज कळवायला हवं. उद्या कळवीन.

१७ जून
मुहाय्योला कळवणं राहिलं. शाळेत निकालाचं काम होतं. (निकाल २५ मेला लागले.)
काकडी आली. पहिली मी खाल्ली. कडू. पाणी कमी पडलं की कडू होते, असं आई म्हणते. जास्त झालं की सडते, असंही म्हणते.

२४ जून
चाकवत कमरेएवढा झाला आहे. आई म्हणाली, काढून टाकू का? मी म्हणालो, असू दे. तिने पाटी मात्र काढली, चुलीत घातली.

२८ जून
ईद. एकोणपन्नास माणसं. कोथिंबीर, शेपू, टोमॅटो आईने काल बाजारातून आणले होते. आमच्या सात काकड्या चिरून मध्ये ठेवल्या. सोबिर-आकांनी एक फोड तोंडात घातली आणि एकही शब्द न बोलता गिळली. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याशी चांगलं वागले.

अकरा वाजता मुहाय्यो आली. दुआ झाली. मग तिने पिशवीतून ओलं फडकं काढलं, रोपांची मुळं गुंडाळून न्यायला. वर्तमानपत्रही आणलं होतं. म्हणाली, भावजी, कुठायत माझी पाच? मी चारच म्हटलं होतं, तुम्हीच पाच म्हणालात हं!
मी म्हणालो, कीड पडली. सगळी गेली.
आई समोर बसली होती. तिने वाटीतल्या चहाकडे पाहिलं.
मुहाय्यो म्हणाली, रैहानला कीड? मग माझ्याकडे नीट पाहिलं. फडक्याची परत घडी घातली. चार घड्या. ओलं होतं, म्हणून पिशवीत वेगळ्या कप्प्यात ठेवलं. जाताना दाराशी म्हणाली, ताईच्या रैहानला कधी कीड लागली नव्हती.
ती रडत होती असं आई म्हणते. मी पाहिलं नाही, मी ताटल्या उचलत होतो.

१ जुलै
धाकटा आईला न्यायला आला. आई म्हणाली, माझ्याबरोबर चल, शाळेला सुट्टीच आहे, इथं एकटा काय करणार? मी म्हणालो, बाग आहे. तिने अंगणाकडे पाहिलं. म्हणाली, हो, बाग आहे.
कुदळ इथेच ठेवून गेली. रजईही. विसरली असणार.

६ जुलै
गुरुवार. चार वाजता आमचं पाणी. फळी वर केली आणि शेजारीच उभा राहिलो, झोपलो नाही. पाणी काकडीच्या वाळक्या वेलांतून गेलं, मग कांद्याकडे. कांदा चांगला आला आहे. कोपऱ्यातला चाकवत मुळासकट काढून सोबिर-आकांच्या मेंढीला दिला. खालची माती अजून काळीच आहे.
भिंतीकडच्या वाफ्यात एकेक ओळ पुन्हा पाहिली. कांदा सोडून काही नव्हतं.
पाच वाजता फळी खाली केली. नळावर जाऊन हात धुतले. साबण लावला नाही.