फुमिएबाईंच्या टेपा आणि माझी बाकीची मिळकत

मँचेस्टर, रविवार, २ नोव्हेंबर २०२५

सात महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, क्षमा असावी. आज लिहिते तेही मृत्युपत्र. पुढच्या आठवड्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. किरकोळ, असं डॉक्टर म्हणतात. तरी मी, वैजयंती सदाशिव दाबके, वय सेहेचाळीस, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवते की:

एक. फ्लॅट आणि शिल्लक भाची अक्षयाला. ती विचारेल, "आत्या, हे घर मी विकू का?" खुशाल विक.

दोन. जपानी शब्दकोश भाऊ रघुवीरला. पुण्यात पहाटे सायकलवरून जपानीच्या वर्गाला निघाले की तो म्हणायचा, "जा, टोकियोला खोळंबलेत सगळे." कंपनीने मला मँचेस्टरला पाठवलं. तेवढ्यापुरता तो जिंकला.

तीन. फुमिए ओकादा यांच्या मुलाखतीच्या नऊ टेपा. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा फुमिएबाई सात वर्षांच्या होत्या. लग्नानंतर त्या इकडे आल्या. इंग्रजी उत्तम, पण ती सकाळ त्या जपानीतच सांगतात. अकरा वर्षं मी त्यांची दुभाषी होते. शनिवारी आम्ही चौकात अण्वस्त्रबंदीसाठी सह्या गोळा करायचो. पाऊस आला की त्या थर्मासमधला जवाचा चहा आधी मला द्यायच्या. मग लायब्ररीत बसून, परदेशी राहणाऱ्या बॉम्बपीडितांच्या औषधोपचाराचे अर्ज भरायचो. तसे शनिवार पुन्हा आले नाहीत. मार्चपासून त्या वृद्धाश्रमात आहेत आणि मी एकदाही गेलेले नाही.

कारण लिहायला हवं. मी दुभाषी म्हणून गेले त्या पहिल्या सभेत त्या म्हणाल्या होत्या, "धाकटी बहीण पाणी मागत होती. बाटलीत थोडं होतं. ते मी प्यायले." मी इंग्रजीत सांगितलं, "पाणी कुठेच नव्हतं." समोर शाळेतली मुलं होती. मी मुलांना सांभाळलं, बाईंना की स्वतःला, हे अजून ठरत नाही. परतताना ट्रॅममध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "वैजयंती-सान, पाणी होतं." पुढच्या सभांत त्यांनी तो भाग सांगितलाच नाही. माझं वाक्य मात्र त्यांच्या आठवणींच्या पुस्तिकेत छापलं गेलं. दर ऑगस्टला स्मृतिदिनी ते मोठ्याने वाचलं जातं. काम होतं तोवर हे बोलणं टळलं; आता नुसतं भेटायला गेले तर तेच बोलावं लागेल.

~~माझ्या मृत्यूनंतर पाण्याचं खरं वाक्य असलेली पहिली टेप ऐकून पुस्तिका दुरुस्त करावी.~~

साक्षीसाठी आलेली, आपल्याच मराठी मुलखातली शेजारीण ईवा इथवर वाचून थांबली. "अगं, ती जिवंत, तू जिवंत, आणि माफी वकिलाकरवी?"

"सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या. आता कशाला छेडायचं?"

"बघ, परत तूच ठरवतेयस तिच्या वतीने."

म्हणून वरची ओळ सहीपूर्वी खोडली आहे. शेजारी आम्हा तिघींची आद्याक्षरं आहेत. टेपा फुमिएबाईंच्या आहेत. त्या कोणाला देण्याचा अधिकार मला नाही.

सही: वैजयंती दाबके
आमच्यासमक्ष सही झाली: ईवा लेव्ही, श्यामला कर्वे, दोघी याच इमारतीतल्या

उद्या: अकरा वाजता वृद्धाश्रमात जाऊन, 'पाणी होतं' हे वाक्य पुस्तिकेत छापायचं का, हे फुमिएबाईंना विचारणे.