कोळशाची रेघ मारलेलं अंडं

किन्हवली, ९ नोव्हेंबर १९५७

हौसाबाईंची काळी कोंबडी खुडूक बसली. मी भाड्याने राहतो त्या पडवीतच, टोपलीत! बाईंनी खाली नऊ अंडी ठेवली. प्रत्येकावर कोळशाची रेघ, म्हणजे नंतरचं अंडं मिसळायला नको. 'हात लावायचा नाय हां मास्तर!' शाळेत सायन्स शिकवणाऱ्याला हे सांगतात! हसू आलं.

१३ नोव्हेंबर

सगळी खळ्यावर होती. केलं!

मुंबईच्या वाचनालयात उतरवून घेतलेलं टिपण दोन वर्षं छळत होतं. पिल्लाचा पंख आधी नुसता कोंब असतो. कोंबाच्या कडेच्या पेशी आतल्या पेशींना सारखा निरोप देतात—एकीच्या दोन व्हा, वाढा. कड खरवडली की निरोप बंद, वाढही बंद. निरोप कसला, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

एका अंड्याला खिडकी पाडली. शाळेचं भिंग, दगडावर घासून बारीक केलेली सुई. डाव्या कोंबाची कड काढली. कवचाचा तुकडा परत बसवून मेणबत्तीचं मेण लावलं, पुसलेली रेघ पुन्हा ओढली. विचारलं असतं तर बाई नाही म्हणाल्या असत्या. म्हणून विचारलं नाही.

३० नोव्हेंबर

सात पिल्लं निघाली. एकाला डावा पंख नाही, खांद्याशी नुसतं बोंडूक! मेणाचं कवच गुपचूप परसात पुरलं. उड्या माराव्याशा वाटत होत्या.

तेवढ्यात रडणं ऐकू आलं. बाईंची सून वत्सला, सातवा महिना चालू आहे तिला. सात तारखेच्या ग्रहणात तिने भोपळा चिरला होता म्हणे. 'कुणाला बोलले नाय, आत्याबाय. पिल्लाचं असं झालं, आता माझ्या पोराचा हात...'

मी सुई पेटीत टाकून कुलूप लावलं.

३ डिसेंबर

वत्सला जेवत नाही. बाईंनी पिल्लू डालग्याखाली झाकलंय, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. आणि मी आज वर्गात—खुळचट समजुती सोडा! जीभ झडली कशी नाही?

घरी बाई भाकरी वाढताना म्हणाल्या, 'तुमी शिकलेले. तिला चार शबूद सांगा.' थू माझ्या शिक्षणावर.

५ डिसेंबर

सांगितलं. सुई, टिपण, सगळं पुढ्यात ठेवलं.

वत्सला डोळे पुसत म्हणाली, 'मास्तर, माझ्यापायी खोटं कशाला बोलता?' बाईंनी तर हात जोडले! 'देवमाणूस! पोरीचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं.' वर पेलाभर दूध. जोडे खायची लायकी, आणि हे दूध!

६ डिसेंबर

ती अजून जेवत नाही.

९ डिसेंबर

कालपरवापर्यंत माझं सांगणं खोटं समजणारी वत्सला आज स्वतः अंडं घेऊन आली. तांबडी कोंबडी चार दिवसांपूर्वी खुडूक बसली, तिच्याखालचं. 'खरं असंल तर माझ्याम्होरं करा.'

खिडकी पाडली. हात कुठे अडखळला नाही, ते ती बघत होती. भिंग तिला दिलं. आत काळीज उडत होतं, मोहरीएवढं. मी सुई उचलली, तशी तिने माझं मनगट धरलं.

'ऱ्हाऊ द्या. पटलं.'

मेण तिनेच लावलं. मग म्हणाली, 'त्या दिशीबी हे असंच उडत व्हतं? तुमाला दिसलं व्हतं?'

हो म्हणालो.