मेलचं खातं बंद पडलं तेव्हा

पेण, मंगळवार संध्याकाळ

परदेशच्या गिऱ्हाइकांकडून गणपतीच्या ऑर्डरी घ्यायचं आमचं मेलचं खातं आज मेलच्या कंपनीने बंद केलं. आम्ही वर्षभर गप्प राहून हंगामात एकदम शेकडो मेल सोडतो, म्हणून संशय आला म्हणे. सगळे पत्ते त्यातच अडकले. दुसरी काही सोय? कधी सुचलीच नाही.

आमचे रंगारी सदूकाका मूर्तीचे डोळे आखत होते. एक झाला होता. मान वर न करता म्हणाले, "मंग फोन कर. जुन्या पार्सलांच्या पावत्यांवर नंबर असतील ना?"

दुबईला लावला. बाबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मेलमध्ये दरवर्षी त्यांना 'आपलं कुटुंब' म्हणतो. माझं नाव सांगितलं, कारखान्याचं सांगितलं.

"कोण?" ते म्हणाले.

सदूकाका दुसरा डोळा आखायला लागले.