भिंगरी थांबेल का?

३ मार्च

पुन्हा मुदतवाढ! अधीक्षक म्हणाले, "सर, ही शेवटची." गेल्या वर्षीचीही शेवटचीच होती. अख्ख्या रुग्णालयात भूल देणारा मी एकटा. मी घरी बसलो की ऑपरेशन थिएटरला कुलूप, आणि अडलेल्या बाईला डोंगर उतरून शहरात न्यायचं. वाटेत काय काय होतं ते पाहिलंय मी. म्हणून सही केली. पण थकलोय आता.

भिंगरी थांबली तर सुटलो. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून भिंगरी. माझ्याच हाताखाली शिकली, परीक्षाही झाली. हात इतका हलका की सुई टोचून झाली हे पेशंटला सांगावं लागतं! शेजारच्या राज्यातल्या मोठ्या हॉस्पिटलने तिला बोलावलंय. महिनाअखेर कळवायचंय म्हणे.

५ मार्च

तिला रिकामं क्वार्टर दाखवलं. नळ सोडला — आधी गढूळ, मग बरं पाणी आलं. "रंग देऊन घेऊ, जाळ्या बसवू," मी आपला बडबडतोय. घर विकणाऱ्या दलालासारखा! ती खिडकीशी उभी. "सर, तुमच्या खिडकीतूनही थिएटरच दिसतं?"

म्हटलं, हो, सोयीचं पडतं. तिने खिडकी लावून टाकली.

६ मार्च

पाय सुजलेत. बाकी काही नाही.

९ मार्च

संचालक आले. भाषणाचा विषय — आपल्या राज्यात शिकलात, आपल्याच राज्यात राहा. सभागृह गच्च भरलेलं. हजेरी घेणार होते, म्हणून असेल. तासभर दळण दळलं. मग मलाच व्यासपीठावर ओढलं. "या सरांकडे बघा! वर्षानुवर्षं रजा नाही. मुलीच्या लग्नातून उठून केस करायला आले!"

टाळ्या. मीही हसलो, लाज नाही म्हाताऱ्याला! खाली बसलेली पोरं माझ्याकडे बघत होती — आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी.

१० मार्च

हिचा फोन. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून परगावी गेली, ती तिथलीच झाली. नातू आता शाळेत जातो.

"काय म्हणतेस?"

"काही नाही. तुमचं?"

"काही नाही."

ठेवला फोन.

१२ मार्च

भिंगरी नाही म्हणाली.

केस आटोपून चहा घेत होतो. मी भडकलोच. "पगार कमी पडतोय? नवऱ्याच्या नोकरीचं आहे? बोल, मी वरपर्यंत जातो!"

"पगाराचं नाही, सर. काम आवडतं मला. इथेच आवडतं."

"मग घोडं अडलंय कुठे?"

तिने कप खाली ठेवला. "रागावू नका हं. तुमच्याकडे बघून भीती वाटते. सगळे म्हणतात, सरांसारखी हो. मला तुमच्यासारखी भूल द्यायचीय, सर — पण मग घरी जायचंय."

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं पोरांना थांबवायला मलाच पुढे करत होते, आणि पोरं मलाच बघून पळत होती! रागवायला गेलो, पण राग येईना. खरंच बोलत होती.

१५ मार्च

अधीक्षकांकडे गेलो. म्हटलं, मी अजून थांबतो, पण दोघं मिळून. एक आठवडा तिचा, एक माझा. ज्याची पाळी नाही त्याचा फोन बंद.

"फोन बंद? असं कसं चालेल, सर?"

"नाहीतर आम्ही दोघंही चाललो. कुलूप लावा आणि किल्ली संचालकांना पाठवा!"

जन्मात कधी असा बोललो नव्हतो. पण कबूल केलं त्यांनी.

भिंगरीला सांगितलं. तिला खरंच वाटेना. "सर, तुम्ही कसले जाताय! पहिल्याच केसला धावत याल. आधी आठवडाभर जाऊन दाखवा. मग मी तिकडे नकार कळवते."

पोरगी पक्की आहे. जाऊनच दाखवतो!

१६ मार्च

हिला फोन केला. म्हटलं, शनिवारी येतोय. आठवडाभर राहीन.

ती घाबरून म्हणाली, "अहो... कोण वारलं?"