टेक्सासात न राहिल्याचा दाखला

कॉटर्स बेंड, आर्कान्सा
१२ मार्च

प्रिय हॉइटदादास,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेल आणि तुझ्या शेजाऱ्याचा कुत्रा एव्हाना शहाणा झाला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही उभयता मजेत. नडीन बारीक झाली आहे (असं लिही, असं ती मागे उभी राहून सांगते आहे).

तर दादा, तुला माहीतच आहे की नौदलात असताना मी कागदोपत्री तुझ्या घरचा रहिवासी झालो, कारण टेक्सासात राज्याचा आयकर नाही. बावीस वर्षं जहाजावर स्वयंपाक करून निवृत्त झालो, नडीनच्या माहेरगावी घर बांधलं, पण कागदावरून काही तुझ्या घरातून हललो नाही. ट्रकची नंबरप्लेट टेक्सासची, लायसन टेक्सासचं. इथल्या राज्याने पेन्शनला हात लावू नये म्हणून नऊ वर्षं ही हुशारी चालली होती (आमच्या रस्त्यावरचे निम्मे म्हातारे फौजी हेच करतात आणि एकमेकांना डोळा मारतात). पण गेल्या शरदात मी गावच्या चिली (म्हणजे मांसाचा तिखट रस्सा) करायच्या स्पर्धेत कप मारला! पेपरात फोटो आला, खाली छापलं होतं, ‘गेली नऊ वर्षं आपले गावकरी’. महिन्याभरात करखात्याची नोटीस दारात.

दहाची वेळ दिली होती म्हणून नडीनला घेऊन साडेनऊला करखात्याच्या कचेरीत पोचलो. तिथे चार निवृत्त फौजी आधीच रांगेत, आणि चौघेही ‘आत्ताच आलो’ म्हणत होते. टेबलामागे कोण, तर आर्लीन प्रुइट. त्याच स्पर्धेत दुसरी आलेली! तिच्या चिलीत घालायला मी सर्वांदेखत मीठ मागितलं होतं.

“व्हर्लिनकाका, राहता कुठे?”

“टेक्सासात,” मी ठणकावून सांगितलं.

“बरं. मग कप परत आणा. स्पर्धा गावकऱ्यांपुरती होती.”

“इथे राहतो! इथेच! नऊ वर्षं!”

“अहो, मग लपलात कशाला? फौजी पेन्शनला इथे कर माफ आहे. नुसता अर्ज करायचा होता.”

नडीन इतकी हसली की रांगेतल्या एकाने तिला पाणी आणून दिलं. मला मात्र घाम फुटला, कारण आर्लीन म्हणाली, माफी फक्त इथल्या रहिवाशाला, आणि माझा प्रत्येक कागद टेक्सासचा. रहिवास सिद्ध करा, नाहीतर माफीही गेली आणि कपही. (कपाचं नाव घेताना बाई गोड हसली.)

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. पत्राचं खरं कारण हे: दोन ओळी लिहून सही कर, की ‘गेल्या नऊ वर्षांत व्हर्लिन माझ्या घरी एक रात्रही राहिला नाही.’ आर्लीनला तेवढं पुरेल. तुला खोटं लिहावं लागणार नाही.

पुन्हा ता. क. ती ओळ लिहिली आणि हात थांबला. खरंच एक रात्रही नाही, दादा. वहिनी गेल्या तेव्हासुद्धा मी संध्याकाळच्या विमानाने परत फिरलो होतो. फार लाज वाटली.

शेवटचा ता. क. दाखला टपालाने पाठवू नकोस. शनिवारी आम्हीच न्यायला येतोय, चांगले आठ दिवस राहू. फक्त मी ट्रकमधून उतरायच्या आत सही करून टाक.